दारामागची पिशवी

सोमवार, ४ मार्च

समोरच्या इमारतीत आग! मीटरच्या खोलीत, भरदुपारी. माणसं सगळी वाचली. पण दुसऱ्या मजल्यावरच्या बाई एकाच पायात चप्पल घालून रस्त्यात उभ्या होत्या. "एक कागद नाही हो हातात," एवढंच परत परत म्हणत होत्या. आग विझवायला आलेला अधिकारी सगळ्यांना बजावून गेला - जिन्यात धूर भरायला तीन मिनिटं पुरतात, त्याच्या आत खाली या.

बावीस वर्षं मी शाळेच्या ऑफिसात दुनियेच्या फायली लावतेय. आणि माझ्या घरचे कागद? गादीखाली, डब्यात, देव जाणे कुठे! लाज वाटली.

मंगळवार, ५ मार्च

कपाट उपसलं. आमच्या लग्नाचा दाखला सापडला - मिक्सरच्या वॉरंटीला टाचलेला! नवरा म्हणाला, "दोन्हींची मुदत संपली असेल." मी ढुंकून बघितलं नाही.

बुधवार, ६ मार्च

पिशवी तयार. जाड, निळी, दारामागच्या खिळ्याला. घराचे कागद, ओळखपत्रं, सगळ्याच्या झेरॉक्स, वरून प्लॅस्टिक. टॉर्च, शिट्टी, पाणी. फोन नंबर कागदावर लिहून - फोन बंद पडला तर एकाचाही नंबर पाठ नाही! शिवाय अण्णांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, आठ दिवसांच्या गोळ्या.

संध्याकाळी बघते तर अण्णांनी गोळ्या काढून तिथे स्वतःची विम्याची पॉलिसी ठेवलेली. "माझं एवढंच न्या, सूनबाई. पुरे आहे."

आधी कळलंच नाही. मग कळलं - आग लागली तर त्यांना मागेच सोडून जायचं!

गुरुवार, ७ मार्च

अण्णा दोन वर्षांपूर्वी पडले, उजवा गुडघा गेला, तेव्हापासून घराबाहेर पाऊल नाही. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि राहतात तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत! हा विनोद येईल त्याला स्वतःच सांगतात. आज दूधवाल्याला नाही सांगितला.

पॉलिसी कपाटात टाकली. गोळ्या परत पिशवीत.

रविवार, १० मार्च

तालीम केली. नवरा आणि शेजारचे सोसायटीचे सेक्रेटरी सुतार, दोघांनी अण्णांना खुर्चीसकट उचललं. वळणावर खुर्ची अडकली ती अडकलीच. अकरा मिनिटं! घड्याळ अण्णांच्याच हातात होतं. "तुम्ही नवराबायको दोघंच असतात तर दीड मिनिटात खाली," म्हणाले. अगदी शांतपणे, भाजीला काय करू विचारावं तसं.

सोमवार, ११ मार्च

शाळेत दोन दाखल्यांवर उलटा शिक्का मारला. मला पिशवी वाचवायची नाहीये. हा माणूस वाचवायचाय.

बुधवार, १३ मार्च

अण्णांचं पुन्हा तेच - "माझा नाद सोडा." माझा तोल गेला. "उभ्यानं जमत नाही ना? मग बसून उतरा! एकेक पायरी, ढुंगण टेकत!"

सासऱ्यांना! नवऱ्यानं पेपर तोंडासमोर धरला तो खाली घेईना.

अण्णांनी गुडघ्यावरची चादर बाजूला सारली. मग म्हणाले, "जुनी पँट कुठाय माझी?"

दोन्ही हात मागे टेकायचे, डाव्या पायानं रेटायचं, उजवा सरळ पुढे. पहिलं वळण गाठायला चार मिनिटं लागली. घामाघूम झाले. पण गाठलं! खुर्चीत घालून वर आणलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

रविवार, १७ मार्च

पँटला मागून जुन्या रजईचा तुकडा शिवून दिला. आज अख्खा जिना, आठ मिनिटं. वाटेत कठड्याची एक सळई सैल सापडली म्हणून सुतारांना झापलं! ऐंशीला टेकलेत, पण मेकॅनिक तो मेकॅनिकच.

मंगळवार, १९ मार्च

सहा.

गुरुवार, २१ मार्च

चार मिनिटं दहा सेकंद. तीनच्या आत अजून नाही. येतील. "दहा सेकंद वाटेत आडव्या आलेल्या पेपरवाल्यामुळे गेले," हे त्यांचं म्हणणं. दुपारी पिशवी उघडून स्वतःच गोळ्या मोजल्या, आणि एक जुना चष्मा आत टाकला. मी पाहिलं.

शुक्रवार, २२ मार्च

शाळेतून आले तर खुर्ची रिकामी. मोरी रिकामी. तेवढ्यात खिडकीतून आवाज - अण्णांचा. खाली सलूनच्या बाकावर, गालांना फेस, न्हाव्याशी मिशीवरून हुज्जत घालताहेत!

मी वरून ओरडले, "एकटे उतरलात? आता वर कसे येणार?"

"ते संध्याकाळी बघू!"