एर्मेलिंडाबाईंची खानावळ

प्रिय ग्रासिएतताई,

मी सुखरूप आहे. डोंगरात थंडी फार, पण तू विणलेला स्वेटर अंगातून काढतच नाही. आईचा खोकला कसा आहे?

गेल्या आठवड्यात एर्मेलिंडाबाईंच्या खानावळीपाशी पोचलो. चार टेबलं, वर मुक्कामाला दोन खोल्या. सहा वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसच्या प्रवास-मार्गदर्शक पुस्तकात मीच तिचं कौतुक छापलं होतं. दाराला कुलूप होतं. शेजारच्या घरातून त्यांचा नवरा बेल्मिरो बाहेर आला.

"या, लेखकमहाशय! तुमच्या कृपेनं बसगाड्या भरून माणसं यायला लागली. आमची बाई चुलीपुढून हलेना. कुणाला नाही म्हणणं तिला कधी जमलंच नाही. मार्चमध्ये तिथंच कोसळली, ती गेलीच."

त्यानंच कुलूप काढून मला आत नेलं आणि कोबीचं सूप गरम करून वाढलं. खारट झालं होतं. मी दोनदा मागून घेतलं.

आज पलीकडच्या खोऱ्यात तसंच एक घर सापडलं. बाई हसतमुख, पाव घरी भाजलेला. ऑफिसला मात्र 'या भागात काही नाही' असं कळवलंय. तेव्हापासून असं कळवण्याची ही तिसरी वेळ. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, आईला यातलं काही बोलू नकोस.

तुझाच,
एउरिको