न शिकवलेला अलंकार

अप्पा,

इथल्या मराठी मंडळातला तो पुण्याहून आलेला आयटीतला मुलगा गेले तीन आठवडे माझ्या मागे लागलाय. मंडळ तुमचं कथाकाव्य पुन्हा छापतंय आणि त्याच्या शेवटी रसग्रहणाची चार पानं हवीत. "ताई, तुम्हीच लिहा. अलंकार, रस, जे काय असेल ते. सरांची मुलगी असताना दुसऱ्या कोणाला सांगणार?" सरांची मुलगी! तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, मी ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीत पोरं हाताखाली घेऊन काम करते, तरी वेस्ट मांबलमच्या मराठी लोकांत मी अजून सरांची मुलगीच. गिंडीला तुम्ही स्टोअरमधले कारकून होतात हे कोणाच्या लक्षातही नाही. रविवारच्या मराठी वर्गाचे सर तेवढे सगळ्यांना आठवतात, आणि ते आठवून लोक असे हळवे होतात की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

तो वर्ग मला अजून दिसतो. पुढच्या खोलीत चटई अंथरलेली आहे, आम्ही सहा पोरं रंगीत पेन्सिली घेऊन बसलोय. उपमेखाली लाल रेघ, रूपकाखाली निळी, निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की चेतनागुणोक्ती, तिच्याखाली हिरवी. कविता वाचायची म्हणजे रेघा मारायच्या, हे तुम्ही आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसवलंत की मला आजही छापील ओळ दिसली की हात पेन्सिल शोधतो. कोणी चुकून घरच्यासारखं "अस्कीं" म्हटलं की तुमच्या कपाळाला आठी. "सर्व म्हणावं. पुस्तकात असतं तसं बोलावं." आईची सगळी मराठी तंजावरची, 'अस्कीं'चीच. त्यामुळे वर्गाच्या वेळी ती आत कॉफी करत असली तरी तिचा आवाज म्हणून यायचा नाही.

आणि मग एका रविवारी तुम्ही तुमचंच काव्य शिकवायला घेतलंत. एक सून, शिकलेली, गणितात हुशार. तिला शाळेचं नेमणुकीचं पत्र येतं. ती पाळण्यातल्या लेकराकडे बघते, क्षणभर डोळे मिटते आणि पत्र स्वतःच्या हातांनी फाडून टाकते. "बिल्वदळासम वाहिले तिने पत्र संसारचरणी." तुम्ही ती ओळ दोनदा म्हणालात, दुसऱ्यांदा डोळे मिटून. मग मला विचारलंत, अलंकार कोणता. मी अकरा वर्षांची होते, अप्पा. तांबरमच्या शाळेचं ते पत्र आदल्याच वर्षी आईला आलं होतं. आईने नवी सुती साडी इस्त्री करून खुर्चीवर ठेवली होती, मांबलम स्टेशनवरून कितीची गाडी पकडायची तेही मला पाठ करून सांगितलं होतं. पत्र तुम्ही फाडलंत. जेवता जेवता, डाव्या हातात धरून, उजव्या हाताच्या बोटांना रसम लागलेलं असताना. "अर्ज करण्याआधी विचारलंस कोणाला?" एवढंच म्हणालात. नंतर शेजाऱ्यांना मात्र सांगितलंत, पोरीकडे कोण बघणार म्हणून तिनेच नको म्हटलं. पोरगी म्हणजे मी. दहा वर्षांची घोडी, शाळेतून येऊन स्वतःची कॉफी स्वतः करून घेणारी. काव्यात मला पाळण्यात निजवलंत! कमाल आहे तुमची.

तर मी म्हणाले, "अप्पा, ते तुम्ही फाडलं होतंत ना?" पोरं हसली. कोणाला काही कळलं नव्हतं, सरांना कोणी उलट विचारलं याचंच हसू आलं असेल. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही अगदी हळू आवाजात म्हणालात, "तुला साक्षीला बोलावलेलं नाही. अलंकार विचारलाय." आतून भांड्याचा आवाज थांबला होता. मी म्हणाले, "उपमा." आणि वर शहाणपणाने, "संसाराला पाय आहेत, म्हणून चेतनागुणोक्तीसुद्धा." तुम्ही खूश झालात. संध्याकाळी पाँडी बाजारात नेऊन शाईचं पेन घेऊन दिलंत, आणि मी ते पेन दोन वर्षं मिरवलं.

आता पन्नाशीला आल्यावर तेच काव्य घेऊन बसले. तुमच्याच पद्धतीने बसले बरं का, लाल-निळी-हिरवी घेऊन. रेघा मारता मारता माझं डोकं फिरलं. तुमच्या काव्यात चूल बोलते, उंबरा तिला अडवतो, खिडकी उसासे टाकते, पाळणा तर चांगली सहा कडवी रडतो. हिरव्या रंगाने पानं भरून गेली. ती बाई मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एक अक्षर बोलत नाही. मी पुन्हा तपासलं, वाटलं नजरेतून सुटलं असेल. नाही. लाकडाला, दगडाला वाचा दिलीत, बायकोला नाही. आणि तुम्ही आम्हाला सगळे अलंकार शिकवलेत, अतिशयोक्ती, अपन्हुती, सगळे. व्याजोक्ती तेवढी कधी शिकवली नाहीत. खरं कारण लपवायचं आणि भलतंच कारण पुढे करायचं, ती व्याजोक्ती. मला ती कॉलेजात गेल्यावर संस्कृतच्या बाईंनी शिकवली. मी तासाला बसल्या बसल्या हसले, बाईंनी उभं केलं.

आमच्या कारखान्यात दोष सापडला की तो कोणत्या पाळीत, कोणाच्या हातून झाला, ते लिहिल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. मी तसंच लिहिलं. चार पानांत. पत्र कोणी फाडलं, कोणत्या हाताने, कशासाठी. मग वाटलं, जिच्याबद्दल लिहिलंय तिला आधी वाचून दाखवावं. आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे, गुडघ्यांनी जेरीस आलीय, पण कान तिखट. खाटेवर पाय सोडून बसली, सगळं ऐकलं. माझी अपेक्षा होती ती रडेल. निदान म्हणेल, बरं केलंस. ती म्हणाली, "तें काढून टाक."

"का? खोटं आहे का?"

"खोटं कशाला. पण त्यांच्या पोथींत मी फाडलें आहे. तें तसंच असूं दे." मग गुडघा चोळत म्हणाली, "अस्कीं लोक वाचतील. नवऱ्याने पत्र फाडलं आणि ही बघत बसली, तें वाचतील. त्यापेक्षां मीच फाडलें तें बरें. तेवढं तरी मी केलें म्हणून होऊं दे."

मी खूप भांडले, अप्पा. तिला म्हणाले, तू बघत बसलीस यात तुझी काय लाज, लाज त्यांची. ती म्हणाली, "तुझ्या वयाला तसं वाटतें," आणि टीव्ही लावला. तेव्हा मला कळलं, तुम्ही तिचं पत्र घेतलंत, नोकरी घेतलीत, आणि वर तिला अशी एक खोटी ओळ देऊन गेलात की आता तिला तीच हवी आहे, खरं नको. याचा राग कुठे काढायचा तेही तुम्ही ठेवलं नाहीत.

काल त्या मुलाला चार पानं पाठवली. नवी. त्यात लिहिलंय की नायिका पत्र स्वतः फाडते आणि इथे उपमेचं सौंदर्य कळसाला पोचतं. त्याचा लगेच मेसेज आला, ताई, अप्रतिम. आईला सांगितलं, तुझ्यासाठी केलं. ही पहिली चार पानं आणि हे पत्र कोणाला दाखवायचं नाही, तुम्हाला तर दाखवताच येत नाही. पण तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. तिने "काढून टाक" म्हटलं तेव्हा मी भांडले, पण आतून मला हायसं वाटलं होतं, मी सरांची मुलगीच राहणार होते.