शिलाई शाबूत, बरगडी जायबंदी

ती. वहिनींस,

तुमच्या धाकट्या नणंदेचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. शरीराची अजून परवानगी नाही, कारण खाली येईलच.) तुमचा कान आता कसा आहे? थेंब वेळेवर घालता, की बाटली नुसती उशाशी ठेवून तिच्या धाकाने कान बरा व्हायची वाट बघता? दादांचा खोकला कमी झाला असेल अशी आशा करते. नसेल झाला, तर त्यांना सांगा की खोकण्याच्या बाबतीत आता मी त्यांच्या पुढे गेले आहे. ते नुसते खोकतात. मी आधी दोन्ही हातांनी उशी छातीशी धरते, डोळे मिटते, घरातल्यांना सूचना देते आणि मग खोकते.

तुमचं पत्र परवा मिळालं. चार पानं, अक्षर नेहमीसारखं एका ओळीत, आणि चारही पानांचं सार एकच की मी आता स्वस्थ बसावं. 'वन्सं, आता आपलं वय झालं' हे वाक्य मी तीनदा वाचलं. तुमचं काय झालं असेल ते तुम्ही जाणा. माझं अजून झालेलं नाही, चालू आहे. आणि हे पत्र लिहायला तुम्हाला आमच्या चिरंजीवांनी बसवलं, हे दुसऱ्या पानावरच कळलं, कारण तिथे 'हाडांची घनता' असा शब्द आहे. इतक्या वर्षांत तुम्ही कधी कोणाच्या हाडांची घनता काढली नाहीत. तेव्हा त्याने तुम्हाला काय सांगितलं असेल त्याचा अंदाज आहे. आता सगळं नीट माझ्याकडून ऐका.

माझं शिवणाचं दुकान पहिल्या मजल्यावर, घराच्याच पुढच्या खोलीत, आणि त्याच्या बरोबर खाली व्यायामशाळा, हे तुम्हाला ठाऊक आहे. तीस वर्षं खालून वजनं आपटल्याचा आवाज यायचा आणि माझ्या कात्र्या भिंतीवर खुळखुळायच्या. दोन वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा धरला, तेव्हा खालच्या मास्तरांनी सांगितलं की सकाळी सात ते आठ बायकांचा तास आहे, येऊन बघा. बघायला गेले ती राहिलेच. (मी सगळं असंच शिकले आहे. शिवणसुद्धा कोणी शिकवलं नाही. आपल्या आईचे जुने कपडे उसवून उसवून शिकले, त्याबद्दल आईने काय केलं ते दादा सांगतील.) त्या एका तासात मला कोणी आई म्हणत नाही, आजी म्हणत नाही, 'बाही जरा सैल करा' म्हणत नाही. मास्तर फक्त 'हात वर' म्हणतात आणि मी हात वर करते. एवढ्या वर्षांत मला इतकं सोपं काम कोणी सांगितलं नव्हतं.

तर व्यायामशाळेत एक ठोसे मारायची पिशवी टांगलेली आहे. माणसाएवढी उंच, साखळीला. संध्याकाळी पोरं तिला बडवून बडवून घरचा राग तिथे काढतात. ती खांद्यापाशी उसवली. मास्तर ती खांद्यावर टाकून वर घेऊन आले आणि म्हणाले, मावशी, हिच्याकडे कोणी बघत नाही. मी बघितलं. कोणीतरी साध्या दोऱ्याने, तेही एकेरी, शिवलेली होती. ते पाहून मला राग आला. मी ती पूर्ण उसवली, मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी शिवली, आणि दुकानातल्या वर्षभराच्या चिंध्या लाकडी गजाने ठासून ठासून आत भरल्या. चिंध्या हलक्या असतात असं तुम्हाला वाटत असेल, पण ठासल्या की त्यांचा गडी होतो. चौघांनी मिळून ती टांगली.

आता वहिनी, तुम्ही मला ओळखता. ट्रायल घेतल्याशिवाय मी आजवर एकही कपडा दुकानातून बाहेर जाऊ दिलेला नाही. गिऱ्हाईक घाईत असलं, दारात रिक्षा उभी असली, तरी नाही. पण पिशवी कोणाला घालून बघणार? तिची ट्रायल एकाच तऱ्हेने घेता येते. मी एक ठोसा मारला. शिलाई जागची हलली नाही. दुसरा जरा मनापासून मारला. तरीही नाही. बरोबरच्या पाच जणींनी टाळ्या वाजवल्या (त्यातली एक नर्स आहे, रात्रपाळीहून थेट येते आणि बहुतेक वेळ सतरंजीवर झोपलेली असते, ती उठून टाळ्या वाजवत होती, यावरून ठोशाची कल्पना करा) आणि मी त्यांच्याकडे वळून जराशी मान लववली. इथे चूक झाली. ठोसा देऊन पाठ फिरवायची नसते, हे कोणी सांगितलं नव्हतं. पिशवी परत आली. तिने मला ढकललं आणि लाकडी बाकाच्या कडेने झेललं, डाव्या बाजूला, बरोबर छातीच्या मापाची टेप जाते तिथे. खाली पडल्या पडल्या मी पहिल्यांदा वर बघितलं. एकही टाका सुटला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला. हाड मोडलेलं नाही, मुका मार आहे म्हणाल्या. (मुका म्हणतात त्याला, पण कूस बदलताना जे काही बोलतो ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.) घरी मी सांगितलं की कटिंगच्या टेबलाचा कोपरा लागला. हे खोटं होतं, पण अगदी लहान मापाचं. आमच्या टेबलाला कोपरा आहेच आणि मी त्यावर रोज बरगड्या टेकून कापड कापते. चिरंजीवांनी तो कोपरा त्याच दिवशी स्पंज लावून बांधून टाकला. बिचारं टेबल.

आता जे झालं ते माझ्या धंद्यामुळे झालं, हे कबूल करते. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं म्हणे की छाती काही बांधून ठेवायची नाही, उलट दर तासाला दहा खोल श्वास घ्यायचे, नाहीतर कफ साठेल. पण माझं लक्ष दवाखान्याच्या भिंतीवर टांगलेल्या एका पट्ट्याकडे होतं. तो इतका वाईट शिवलेला होता की पुढचं मला काही ऐकूच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी, सगळे कामावर गेल्यावर, मी स्वतःसाठी एक पट्टा शिवला. जाड कापड, आतून मऊ अस्तर, चार पोलादी पट्ट्या, प्रत्येक बरगडीला वेगळा चुण्यांचा आकार. हूक पाठीमागे लावले, कारण पुढची बाजू स्वच्छ दिसली पाहिजे ही माझी शिस्त. चौदा हूक. ते मी पट्टा आधी पोटावर उलटा धरून लावले आणि मग गोल फिरवून घेतला. वहिनी, आयुष्यात इतकं अचूक काही शिवलं नव्हतं. बसलं ते असं बसलं की मला श्वासच घेता येईना. आणि चुण्या बरगड्यांत अशा रुतल्या की पट्टा परत पुढे फिरेना.

घरात कात्र्या अकरा होत्या. पण ते काम कापायचं माझ्या जिवावर आलं. मी एक एक पायरी उतरून खाली गेले. व्यायामशाळेत मास्तर एकटेच वजनं पुसत होते. मी खुणेने पाठ दाखवली. त्या सज्जन माणसाने मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली आणि न बघता एकेक हूक मोजत काढायला सुरुवात केली. मी तेवढ्यातही त्यांना सांगत होते की हळू, कापड ओढू नका. तेव्हा ते म्हणाले, "मावशी, आधी श्वास घ्या, मग भांडा." नवव्या हुकापाशी दारात आमचे चिरंजीव. मधल्या सुट्टीत माझ्यासाठी गोळ्या घेऊन आला होता. मास्तरांनी घड्याळावरची नजर न काढता त्याला दिलासा दिला की काळजी करू नका, पिशवी एकदम शाबूत आहे.

मग काय, सगळं बाहेर आलं. चिरंजीव गोळ्या बाकावर ठेवून माझ्यासमोर उभा राहिला. नंतर म्हणाला, "आई, तू पिशवीशी मारामारी केलीस?" मी म्हटलं, मारामारी नाही, ट्रायल. सूनबाई संध्याकाळी हे ऐकून इतकी हसली की मलाही हसू आलं, आणि हसल्यावर जे दुखलं त्याचं खापर तिने माझ्यावर फोडलं. त्या दिवसापासून व्यायामशाळा बंद. दुकानाच्या दाराला बाहेरून कागद, त्यावर मला काय काय उचलायला मनाई आहे त्याची यादी. इस्त्री, कापडाचं ठाण, नातू. नातवाने ती वाचून माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्याला टाकलं.

मी रडत बसले नाही. रोज सकाळी छातीला टेप लावून श्वास मोजला. पहिल्या दिवशी आत ओढलेल्या आणि बाहेर सोडलेल्या श्वासात फरक अर्धा इंच, तोही डोळ्यांत पाणी आणून. आज, पाचव्या आठवड्याच्या शेवटी, फरक दोन इंच भरतो. आधी दारापर्यंत चालले, मग कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत, आता पुलापर्यंत जाऊन येते. भिंतीला हात टेकून हलकेच पुढे झुकते. दोन्ही हात डोक्यावर नेते (डावा जरा मागून येतो, पण येतो). गेल्या सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन परवानगीचा कागद मागितला. त्यांनी बोट बरगडीवर दाबलं आणि विचारलं, दुखतं का. मी म्हटलं, मुळीच नाही. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे बघून मला रुमाल दिला आणि कागदावर लिहिलं की हलका व्यायाम पंधरा तारखेनंतर.

आणि इथेच सगळं अडलं आहे. मास्तरांचा नियम जुना आहे की सहा डोकी असली तर बायकांचा तास. एकेकाळी अकरा होत्या. कोणाची बदली झाली, कोणाला जुळं झालं, दोघी बहिणी भांडल्या आणि त्यातली एकच उरली. आता माझ्यासकट सहा. संध्याकाळच्या पोरांना सकाळचाही तास हवा आहे, आणि मास्तरांनी त्यांना सांगून ठेवलं आहे की एक तारखेला सातला मोजणी होईल. मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण नियम मोडणारा माणूस नव्हे तो. सहा नसल्या तर त्या पाच जणी घरी बसतील. ती नर्स घरी गेली की घरच्यांचा नाश्ता करेल. सतरंजीवरची ती अर्ध्या तासाची झोप तिला दुसरीकडे कुठेही मिळत नाही. माझ्या एका बरगडीपायी हे व्हावं, हे मला मान्य नाही. तेव्हा तुमच्या चार पानांना माझं उत्तर असं की मी एक तारखेला सकाळी सातला खाली उतरणार आहे. चिरंजीव दाराला कागद लावोत की कुलूप. यावर चर्चा नाही.

दादांना नमस्कार. तुमच्या कानाला थेंब.

आपली,
(उजव्या बाजूने पूर्ण आणि डाव्या बाजूने बऱ्यापैकी ताठ)
नणंद

ता. क. पाकीट बंद करण्याआधी पत्र वाचून पाहिलं. खाली उतरणार हे खरं आहे, पण बाकावर बसायला. डॉक्टरीणबाईंनी कागद देताना माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की आत्ता पुन्हा लागलं तर हिवाळाभर उशी धरून बसाल. मी त्यांना शब्द दिला. आणि मास्तर बसलेलं डोकं मोजत नाहीत. (विचारून झालं.)

ता. क. दुसरं : म्हणून तुम्ही या. पंधरा तारखेपर्यंत पुरे, पुढे मी आहे. व्यायामशाळेच्या फळ्यावर सहावं नाव तुमचं लिहून आले आहे. दादांना चहा स्वतःचा स्वतः करता येतो. मीच शिकवला होता, विसरले असतील तर तसं सांगा. तुमच्या व्यायामाची पँट शिवून ठेवली आहे. माप अंदाजाने धरलं, त्यामुळे कमरेला नाडी आहे. ट्रायल इथे आल्यावर.

ता. क. तिसरं : तुमच्या चौथ्या पानाच्या समासात, आडव्या आणि इतक्या बारीक अक्षरात की चिरंजीवांना कळू नये, तुम्ही विचारलं आहे की त्या पिशवीला ठोसा मारला की कसं वाटतं. मी तीनदा उत्तर लिहायला घेतलं, पण ते लिहून कळण्यासारखं नाही. रविवारी सकाळच्या गाडीने निघा.