दोन लवंगांवर

१२ सप्टें., रवि. लातूर
सविताचा घसा पुन्हा धरला. औशाच्या रस्त्यावर लांबचं पळणं झालं की दोन दिवसांनी घसा, नाक, ताप. या पावसाळ्यात कितव्यांदा! पळण्याआधी काय खाल्लं विचारलं, तर कोरा चहा. आल्यावर? "भूकच मरती सर." माझ्या डोक्यात हे आधी यायला हवं होतं. अख्ख्या कॉलेजात पळणारी ही एकटी. बाकीची पोरं क्लासच्या बाकावर बसून गुण मिळवतात, आणि मी क्रीडाशिक्षक त्यांच्या सायकली मैदानावर लावून घेतो.

१४ सप्टें.
मेहुण्यांकडे. डॉक्टर असून संध्याकाळी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतात, त्यामुळे घरातही फळ्यापाशी उभं असल्यासारखंच बोलतात. म्हणणं असं : रिकाम्या पोटी तास-दीड तास पळालं की साखर उतरते, शरीर ताणाचं हार्मोन सोडतं, पांढऱ्या पेशी काही काळ मंदावतात. तेवढ्यात जंतूंचं फावतं. आदल्या रात्री भात-भाकरी, पळताना घोट घोट साखरपाणी दिलं तर ते हार्मोन फार चढत नाही. "पण ताप येणारच नाही असं मी लिहून देणार नाही," हेही वर. शिकलेल्या माणसाचं हे एक असतंच.

२९ सप्टें., बुध.
लिंबू, साखर, मीठ. बाटली माझ्या सायकलीच्या कॅरिअरला, स. पुढं पळते. दोन रविवार झाले, घसा साफ. मेहुणे : दोनदा म्हणजे पुरावा नव्हे. नसू दे.
नांदेडला विद्यापीठ संघाची निवड दसरा झाला की लगेच. संघात आली तर क्रीडाकोट्यातून नोकरीची वाट, नाही तर दिवाळीनंतर लग्न. तिच्या आईनं तसं सांगूनच ठेवलंय.

१० ऑक्टो. घटस्थापना
स.नं बाटली परत केली. नऊ दिवस उपवास. पाणी, आणि दिवसाला दोन लवंगा. साबुदाणासुद्धा नाही. दरसाल करते म्हणे. आजवर नवरात्रात पळायचं काम पडलं नव्हतं, म्हणून मला पत्ता नाही.

११ ऑक्टो. दुसरी माळ
तिच्या गावी जाऊन आलो. पुनर्वसनातलं घर, शेजारी तसलीच घरं. भूकंपात पोर दगडमातीखाली होती, दुपारी जिवंत निघाली. तोवर आईनं माहूरच्या रेणुकेला नवस बोलला होता. उपवास लेकीनंच करायचा.
मी म्हटलं, उठता-बसता करू द्या. पहिला दिवस आणि शेवटचा, मधले दिवस जेवायचं. आमच्या घरी तसंच चालतं, देवी काही रागावलेली नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.
"सर, देवीनं मला लेक उठता-बसता दिली न्हाई. पुरी दिली."
चहा घेतला आणि उठलो.

१४ ऑक्टो. पाचवी माळ
नुसतं चालायचं, पळायचं नाही, असं बजावलं होतं. पहाटे एकटीच पळून आली. ओठ फुटलेत, तोंड आलंय. ओरडलो. म्हणे बसून राहिलं तर पाय विसरतील. राग तिचा, तिच्या आईचा, देवीचाही. लिहिलं, आता खोडत नाही.

१७ ऑक्टो. आठवी माळ
आज स्वतःच हात पुढं केला. "सर, बाटली द्या." दिली. क्षणभरही विचार केला नाही. घटाघटा प्यायली, मग रडली, मग पळाली. सुरेख पळाली. आईला सांगू नका म्हणाली.

दसरा
काल रात्रीपासून फणफणलीय. लातुरात मावशीकडे राहते, तिथं आई आली. काय खाल्लंस विचारल्यावर स.नं सांगून टाकलं. मी गेलो तर बाई लगेच म्हणाल्या, तुमच्या साखरेनं केलं. मी म्हणालो, उपवासानं केलं. आजारी पोरीच्या उशाशी दोन शहाणी माणसं भांडली.
मेहुण्यांना विचारलं, खरं कुणाचं? एका बाटलीनं ताप येत नाही आणि जातही नाही, म्हणाले. उपाशी पळाली तेव्हाच धरलं असेल, नाही तर मावशीच्या घरी कुणी शिंकलं असेल. सांगता येत नाही.
सोनं वाटायला बाहेर पडलो नाही.

२१ ऑक्टो.
मावशीच्या घराला कुलूप. गावी नेली असणार. मेहुण्यांनी ताकीद दिलीय : अंगात ताप असेल, छाती जड असेल तर पळवू नका, हृदयावर जातं. कुणाला पळवू? एकटाच नांदेडच्या गाडीत बसलो. तिचं नाव दिलंय, म्हणून निघालो.

२२ ऑक्टो. नांदेड, सकाळ
मैदानाच्या कडेला बसून लिहितोय. मायलेकी आल्यात. कालच येऊन इथं नातलगांकडे उतरल्या. स.ला रात्री आईनं भात खाऊ घातला. पिशवीत बाटली. लिंबू, साखर, मीठ, माझ्याच मापानं. बाई मात्र ओळखू येत नाहीत, गाल बसलेत. मोडलेला उपवास त्यांनी स्वतःवर घेतलाय, दसऱ्यापासून नव्यानं नऊ दिवस. लवंगांवर. मला लाज वाटली.
स. म्हणते ठणठणीत आहे. कपाळ हाताला कोमट लागतं. पारा शंभराच्या जरासा खाली.
"पळू का सर?"
मी आईकडं पाहिलं.
"देवीचं मी बघितलं सर. अंगाचं तुमी सांगा."
मुलींची नावं पुकारायला लागलेत. थर्मामीटर झटकून पुन्हा तिच्या जिभेखाली ठेवलाय.