बाई, मी पेढा खाल्ला

बाई, मी आता इथल्या शाळा बोर्डावर आहे. तुम्ही असतात तर आधी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं असतंत आणि मग विचारलं असतंत, "म्हणजे संस्थाचालक झालीस होय गं?" आपल्या गावच्या संस्थाचालकांबद्दल तुमचं काय मत होतं ते अख्ख्या वर्ध्याला ठाऊक होतं, म्हणून आधीच सांगते, इथला प्रकार निराळा आहे. इथे बोर्डावर लोक निवडून देतात, मानधन एक छदाम मिळत नाही, आणि सभेत प्यायचं पाणीसुद्धा मी घरून बाटलीत नेते. शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलच्याही पलीकडे आमचं गाव. दिवसा मी एका विमा कंपनीत नोकरी करते. आमच्या मराठी मंडळातल्या लोकांनी मला उभं केलं. "आपलं कोणीतरी तिथे हवं," असं जो तो म्हणत होता आणि मलाही ते ऐकायला आवडत होतं, खोटं कशाला बोलू. बर्फात दारोदार फिरले, मतं मागितली, निवडून आले, शपथ घेतली. तिथे जाऊन नेमकं काय करायचं हे कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही नाही.

इथल्या शाळा मुख्यतः गावाच्या घरपट्टीवर चालतात. ती ठरावीक मर्यादेपलीकडे वाढवायची तर गावाला मत विचारावं लागतं. आम्ही विचारलं, गावाने नाही म्हटलं. दरम्यान मुलं कमी झाली, इमारती म्हाताऱ्या झाल्या, आणि सर्वांत छोट्या शाळेचं छप्पर तर दर हिवाळ्यात गळायला लागलं. वर्ग अर्धे रिकामे आणि हीटर पूर्ण इमारतीला. ती एक शाळा चालू ठेवायची तर बाकी सगळ्या शाळांतले संगीताचे शिक्षक आणि समुपदेशक कमी करावे लागणार होते. हे सगळं आम्ही भर सभेत, बहुधा रिकाम्या खुर्च्यांपुढे, बोलत होतो, कारण इथे बोर्डाला चोरून काही बोलता येत नाही. आम्हा सातांपैकी तिघे कुठेही उभे राहून शाळेबद्दल बोलले की कायद्याने ती बैठक होते. किराणा दुकानात बोर्डावरचे दोघे गप्पा मारताना दिसले की मी ट्रॉली वळवून दुसऱ्या रांगेत शिरते, मग तिथे मला काही घ्यायचं असो वा नसो. पण काही मोजक्या गोष्टींसाठी दार बंद करता येतं. जागा विकायची तर किंमत काय मागायची, ही त्यातली एक. तशी बैठक झाली. त्या छोट्या शाळेच्या जागेची. बोर्डाच्या वकीलबाईंनी शेवटी नेहमीसारखं बजावलं की या खोलीतलं या खोलीतच. शाळा बंद करण्यावर मतदान अजून व्हायचं होतं, पण टेबलाभोवतीचे चेहरे मला वाचता येत होते आणि माझाही चेहरा त्यांतलाच एक होता.

त्याच शनिवारी ती आली. ती म्हणजे नागपूरची मुलगी, नवऱ्याबरोबर व्हिसावर इथे आलेली, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. मला मावशी म्हणते. तिचं डोहाळजेवण मी माझ्या घरी केलं, बाळंतपणात तिच्या आईला व्हिसा मिळाला नाही तेव्हा डिंकाचे लाडू मी केले. सांगायचा मुद्दा, नात्याची नाही पण परकीही नाही. हातात स्टीलचा डबा, मागे नवरा, नवऱ्याच्या खांद्यावर मुलगा. दारातूनच ओरडली, "मावशी, ऑफर ॲक्सेप्ट झाली! आता फक्त इन्स्पेक्शन राहिलंय." मी विचारलं, कुठलं घर? तिने पत्ता सांगितला. घर त्या छोट्या शाळेच्या बरोबर समोर होतं. "किचनच्या खिडकीतून प्लेग्राउंड दिसतं, मावशी. बसची कटकटच नाही. हा चालत जाईल आणि मी भांडी घासता घासता बघेन." नवरा हसत म्हणाला, "थोडं स्ट्रेच केलंय बजेट, पण स्कूलसाठी वर्थ आहे." मग तिने डब्याचं झाकण उघडलं. घरी केलेले पेढे होते. "आई म्हणाली, मावशी बोर्डावर आहेत, त्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. सगळं ठीक आहे ना?"

इन्स्पेक्शन, म्हणजे घराची तपासणी, होईपर्यंत मागे फिरता येतं हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं, म्हणून तर ती आली होती. अशा वेळी काय म्हणायचं याचं एक इंग्रजी वाक्य आम्हाला शिकवलेलं आहे, की या विषयावर मी काही बोलू शकत नाही. ऑफिसातल्या परक्या माणसाला ते चालतं. पण माझ्या स्वयंपाकघरात, जिची ओटी मी भरली तिला ते मराठीत कसं सांगू? "मला काही बोलता येत नाही गं" एवढं म्हटलं असतं तरी तिला सगळं कळलं असतं. मग तिने एजंटला सांगितलं असतं, एजंटने गावाला, आणि शपथ मोडली ती मोडलीच असती, शिवाय जागेची बोलणीही फिसकटली असती. न सांगणं हेसुद्धा सांगणंच झालं असतं. बाई, मी अशी कात्रीत सापडलेली असताना ती पेढा हातात धरून उभी होती. "पहिला तुम्हाला, मावशी." मी तोंड उघडलं. तिने भरवला. "छान झालाय," मी म्हणाले. ते मी पेढ्याबद्दल म्हणाले होते. ती वाकून पाया पडली, नवरा पाया पडला, मुलाचंही डोकं दोघांनी खाली दाबलं. मोठ्या माणसाने तोंड गोड केलं की आपल्यात त्याचा अर्थ एकच होतो, आणि मी तर आशीर्वादाचा हातही ठेवला. ती गेल्यावर आमचे हे म्हणाले, "चेहरा का असा?" त्यांनाही सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, ॲसिडिटी.

तेव्हापासून तुमची होळी डोळ्यांसमोरून जात नाही. मी सातवीत. रोज संध्याकाळी शाळेमागच्या तुमच्या दोन खोल्यांत येते, चुलीशेजारी पाट घेऊन गणितं करते, तुम्ही मला भाकरीवर लसणाची चटणी आणि जास्तीचं तेल देता. आणि पेपर काढायचे दिवस आले की तुम्ही दाराला आतून कडी घालता. त्या वर्षी होळी नेमकी त्याच दिवसांत आली. आईने पुरणपोळ्या दिल्या, वर तुपाची वाटी, आणि मी फडकं झाकलेलं ताट घेऊन तुमच्या अंगणात उभी राहिले. तुम्ही खिडकीतून बघितलंत. "परीक्षा संपेपर्यंत इकडे यायचं नाही असं सांगितलं होतं ना? ताट घरी ने." मी म्हटलं, बाई, आईने पाठवलंय. तुम्ही म्हणालात, "तुझ्या आईला कळत नसेल, तुला तर कळायला हवं." आणि खिडकीही लावलीत. सणाचं ताट परत आलेलं आईने बघितलं आणि त्यानंतर तुमच्याकडे तिने कधी काही पाठवलं नाही. बाजारात तुम्ही समोर दिसलात तरी ती भाजीच बघत राहायची. मला कळायचं की ती तुमची एकुलती एक मैत्रीण होती. मी तुमच्यावर किती चिडले होते म्हणून सांगू! आज वाटतं, तुमचं सोपं होतं. तुमचं लावलेलं दार सगळ्या गावाला दिसत होतं. माझ्या घराचं दार उघडं होतं, म्हणून ती सरळ आत आली.

मतदानाच्या सभेला हॉल भरलेला. घरपट्टी वाढवायला नको म्हणणारे पुष्कळजण आता शाळा वाचवा म्हणत होते, त्यावर काय बोलणार! बोर्डाने उत्तर द्यायचं नसतं, नुसतं ऐकायचं असतं. प्रत्येकाला तीन मिनिटं. तिचा नंबर आला तेव्हा माझी नजर माइकवर होती. तिने कागद वाचला, इंग्रजीत, "डिअर बोर्ड मेंबर्स" पासून. आम्ही नुकतंच घर घेतलं, आमचं सगळं सेव्हिंग त्यात आहे, असं तिने वाचलं. सहाजणांकडे तिने आळीपाळीने बघितलं, माझ्याकडे नाही. वेळ संपल्याचा लाल दिवा लागला, अध्यक्ष थँक यू म्हणाले, ती कागद घडी करत खाली गेली. मग नावं पुकारली आणि मी माझं मत दिलं, शाळा बंद करण्याच्या बाजूने. ते मत बरोबर होतं, बाई. आज परत विचारलंत तरी तेच देईन. म्हणूनच तर सुटका होत नाही. चुकले असते तर निदान माफी मागता आली असती.

पार्किंगमध्ये ती माझ्या गाडीशी उभी होती, कोटाची बटणं न लावता. "मावशी, तुम्हाला माहीत होतं?" आता बोलायला मोकळीक होती. मी म्हटलं, हो. का सांगितलं नाहीत असं ती विचारेल म्हणून मी कायदा, शपथ, सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. तिने ते विचारलंच नाही. "मग पेढा का खाल्लात?" एवढंच म्हणाली. नवऱ्याने हॉर्न वाजवला आणि ती गेली.

राजीनामा दे, असं हे म्हणतात. दिला तर मंडळातले लोक म्हणणार, शाळा बंद केली आणि पळाली. शिवाय खोलीत ऐकलेलं राजीनाम्याने विसरता थोडंच येतं? तिचा मुलगा आता बसने दूरच्या शाळेत जातो. घर विकायचं तर तोटा, राहायचं तर रोज खिडकीतून ते कुलूप बघायचं. बोर्डाच्या कामाबद्दल मी ईमेलवर लिहिलेलं कोणीही अर्ज करून मागू शकतं, म्हणून हे हाताने कागदावर लिहितेय. गेलेल्या माणसाला सांगू नये असं काही कायद्यात नाही, मी बघितलं. तरी लिहून झालं की फाडणार आहे. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. आज संध्याकाळी परत बंद दाराची बैठक आहे, शिक्षकांच्या कराराची, आणि संप होणार का म्हणून सगळं गाव विचारतंय. परवा तिचा फोन आला. इतक्या महिन्यांनी. संपाचं विचारायचं असेल, किंवा मुलाच्या वाढदिवसाला बोलवायचं असेल, किंवा नुसतं मावशी म्हणायचं असेल. हातात फोन धरून मी तिचं नाव बघत राहिले, तो वाजायचा थांबेपर्यंत. मी उचलला नाही, बाई.