सही मी केली होती

अवो, ऐकलात का,

पेणच्या शोरूमची शर्यत होती, शेवटपर्यंत स्कूटरवर हात ठेवील त्याची स्कूटर. मला रोह्याला माहेरी न्यायचं होतं तुमाला. मिठागरातले तुम्ही, उन्हाला हसलात. अकराव्या तासाला कोसळलात, ते उठलातच नाय.

शोरूमचा मालक कोर्टात तुमचा शर्यतीचा फॉर्म दाखवतो. 'माझ्या जिवाची जबाबदारी माझी', खाली सही काळुराम. तोंडानं कधी घेतलं नाय ते नाव, पण तुमाला लिहिता येत नव्हतं, तुमच्या कागदांवर नेहमी मीच लिहायचे. वकील म्हणतात, वैनी, उद्या एवढं खरं सांगा, कागद रद्द होईल, मालक सुटणार नाय.

सांगेन. पण ती सही खोटी, असं कसं म्हणू? तुमच्या जिवाची जबाबदारी मी घेतलीच होती.

तुमचीच,
पुतळी