काचेची दाढ आणि रुपचंदभाऊंची सुपारी

चि. डॉक्टर भाविका हिला तोतारामकाकाचे भरघोस आशीर्वाद.

तुझी, पाचोऱ्याच्या तुझ्या नव्या दवाखान्याची आणि त्या वरखाली होणाऱ्या खुर्चीची तब्येत ठीक असेल असे धरून चालतो. (खुर्ची हल्ली रिकामीच असते, असे तुझी आई सांगत होती. त्यात माझाही हात आहे, म्हणून हे पत्र.) फोन केला असता, पण माझ्या फोनला तुझी काकू माझ्याहून जास्त कान देते. म्हणून दूधवाल्या समाधानच्या हाती पाठवतो आहे.

मागे माझी दाढ भरताना तू समजावले होतेस, की नुसता तो चिकट लगदा चावण्यापुढे टिकत नाही. त्यात काचेचे बारीक कण असतात, लहानमोठे मिसळून, म्हणजे मोठ्यांच्या मधल्या फटी लहान भरून काढतात आणि चावण्याचा भार कणांवर जातो. मी ते पारावर सांगितले. पण सांगता सांगता लगदा राहिला, लहानमोठे राहिले आणि लोकांच्या हाती फक्त काच लागली. पुतणीने काकाच्या तोंडात काच भरली! तुझ्याकडे निघालेल्या बेबाबाई भडगावच्या स्टँडवरूनच परतल्या. रुपचंदभाऊंची दाढ पोळ्यापासून ठणकते आहे, तरी ते म्हणाले, "काच शे ना भो ती, फुटी जाई!"

मग मी त्यांना त्यांच्याच घराचा स्लॅब दाखवला. म्हटले, यात खडी-वाळू न घालता नुसते सिमेंट ओतले असते, तर तुम्ही याच्याखाली निवांत झोपला असता का? आणि नुसती खडीच घातली असती, धरायला सिमेंट पुरले नसते, तरी तेच झाले असते. (कण बेताचे हवेत हे तूच सांगितले होतेस. मी माझे म्हणून सांगितले, राग मानू नकोस.) रुपचंदभाऊंनी छताकडे पाहिले, आणि खिशातून अख्खी सुपारी काढून माझ्या हातावर ठेवली.

भाविका, आता तुझ्या नावाचा प्रश्न होता. सुपारी तोंडात टाकली, डोळे मिटले, कडकन आवाज झाला. रुपचंदभाऊंनी मोबाइलची बॅटरी लावून माझ्या तोंडात जवळजवळ डोकेच घातले. तुझे काम जसेच्या तसे! रविवारी ते, बेबाबाई आणि अर्धा पार तुझ्याकडे येतो आहे. तुझी काकू मात्र एवढेच म्हणाली, "तुमना दात शेतस का आडकित्ता?"

तुझाच,
तोतारामकाका

ता. क. : तू भरलेली दाढ डावी. सुपारी मी उजवीकडे फोडली. तुझ्या कणांवर विश्वास नव्हता असे नाही गं. पण तुझे काम फुटले असते तर दवाखान्याला कुलूप लागले असते, आणि ते मला बघवले नसते. म्हणून माझी स्वतःची उजवी दाढ पुढे केली, आणि बॅटरीपुढे मात्र डावीच बाजू धरली. ती फुटली. अर्धी दाढ सुपारीबरोबर गिळली, उरलेली रात्रंदिवस ठणकते आहे. रविवारच्या आत गुपचूप भरून दे.

आणखी एक : आता दोन्हीकडे तुझेच काम होणार. रुपचंदभाऊंनी पुन्हा सुपारी काढली, तर मला बाजू निवडायला जागा नाही. तेव्हा माल नीट कालव.